बोटीचा दिवा मिणमिणतो, मधेच जातो? नवा बल्ब घेण्याआधी हे तपासा

मी कोकणात एका बंदरावर बोटींच्या वायरिंगची कामं करतो. पावसाळी बंदीत शाकारून ठेवलेल्या बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की दरवर्षी एकच तक्रार घेऊन माणसं येतात: रात्री दिवा नीट पेटत नाही. खाली लिहिलंय ते १२ मीटरच्या आतल्या, १२ व्होल्टच्या बॅटरीवर दिवे चालवणाऱ्या फायबरच्या किंवा लाकडी होड्यांसाठी आहे. इंजिन आऊटबोर्ड असो वा आतलं डिझेल, फार फरक पडत नाही. जिथे पडतो तिथे सांगितलं आहे.

आधी लक्षण ओळखा

- इंजिन चालू असताना दिवा चांगला, बंद करून जाळ्यावर उभे राहिलात की थोड्या वेळात पिवळा पडतो: संशय बॅटरीवर.
- लाटेवर बोट आपटली की दिवा क्षणभर जातो आणि टिचकी मारली की येतो: होल्डर किंवा सांधा.
- जेटीवर लख्ख, बाहेर फवारे उडायला लागले की मंद: दिव्यात किंवा सांध्यात पाणी जातंय.
- सगळेच दिवे एकदम मंद: बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा सगळ्यांची मिळून असलेली मायनसची वायर.
- एकच दिवा मंद: त्याच दिव्याची वायर, स्विच किंवा होल्डर.
- बल्ब सारखे उडतात: चार्जिंगचे व्होल्ट जास्त, नाहीतर दिवा बसवलेली पट्टी थरथरतेय.
- एलईडी लुकलुकतो, किंवा स्विच बंद करूनही अंधुक पेटत राहतो.
- दिवा तर पेटतोय, पण समोरचा तांडेल म्हणतो, "तुझी बोट दिसलीच नाही." यात बऱ्याचदा वायरिंगचा काही दोष नसतो. तपासणीची सुरुवात तिथूनच करू, कारण त्याला पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. माझ्याकडे येणारा माणूस हमखास म्हणतो, "भाऊ, दोन बल्ब द्या, हे टिकत नाहीत." जुना बल्ब मी बॅटरीला लावून दाखवतो, तो छान पेटतो. मग दोष बल्बचा का वाटतो? नवा बल्ब बसवताना तो होल्डरमध्ये दाबून फिरवला जातो. त्या घासण्याने होल्डरच्या पत्र्यावरचा कळंक थोडा निघतो आणि दिवा लागतो. श्रेय नव्या बल्बला मिळतं. आठ-पंधरा दिवसांत कळंक पुन्हा धरतो आणि माणूस पुन्हा बल्ब घ्यायला येतो. खाऱ्या हवेत आधी मरतो तो सांधा, आणि त्यातही मायनसच्या बाजूचा जास्त, कारण तिकडे कोणी बघतच नाही.

१. बोटीबाहेर उभं राहून बघा

अंधार पडल्यावर बोट जेटीपासून थोडी दूर नांगरा, सगळे दिवे लावा आणि दुसऱ्या होडीतून तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारा. बोटीत बसून आपला दिवा कसा दिसतो ते कधीच कळत नाही.

काय दिसायला हवं? समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवे लावायचे, आणि धुकं किंवा दाट पावसाने दिसेनासं झालं तर दिवसाही. १२ मीटरच्या आतल्या इंजिनच्या बोटीला चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा आणि डाव्या बाजूला तांबडा, उजव्या बाजूला हिरवा एवढं पुरतं. बाजूचा दिवा थेट समोरून सुरू होऊन आपल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंत दिसला पाहिजे, म्हणजे काटकोनाच्या थोडा मागेपर्यंत. पांढरा दिवा या रंगीत दिव्यांपेक्षा किमान १ मीटर उंच हवा. पांढरा २ सागरी मैलांवरून आणि रंगीत १ मैलावरून दिसावा अशी अपेक्षा आहे. ७ मीटरच्या आतल्या आणि ७ नॉटच्या (तासाला ७ सागरी मैलांच्या) वर न जाणाऱ्या होडीला नुसता पांढराही चालतो, पण शक्य असेल तर रंगीत लावायचेच आहेत. ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन लावलेली रिकामी होडी ७ नॉटच्या वर जाऊ शकते, हे लक्षात ठेवून सवलतीच्या भरवशावर राहू नका. ट्रॉलिंग (चालत्या बोटीमागे जाळं ओढणं) सोडून बाकीच्या पद्धतीने जाळं टाकून उभे असाल तर वर तांबडा आणि खाली पांढरा, दोन्ही चारी बाजूंनी दिसणारे. जाळं १५० मीटरपेक्षा लांब पसरलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा.

आता मैलाचा हिशेब करा. १५ नॉटने येणारं जहाज १ मैल चार मिनिटांत कापतं. तुमचा दिवा ठरलेल्या अंतराच्या निम्म्यावरूनच दिसत असेल तर त्या जहाजावरच्या माणसाकडे वळायला निम्मीच मिनिटं उरतात. त्यातही तुमच्या मागे किनाऱ्यावरचे हॉटेलांचे दिवे असतील तर तुमचा पिवळट ठिपका त्यातलाच एक वाटतो.

फेरी मारताना मला नेहमी दिसणारे दोष: नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, रचलेली जाळी तांबडा-हिरवा झाकते. सुकाणूवर उभा राहिलेला माणूस मागचा पांढरा झाकतो. झेंड्याची काठी, क्रेट, वाळत घातलेलं कापडही आड येतं. इंजिनने वेग घेतला की नाळ वर उचलते आणि खाली लावलेला दिवा समोरून दिसेनासा होतो. आणि हो, डागडुजीनंतर तांबडा-हिरवा उलट बसवलेल्या बोटीही मी पाहिल्या आहेत. ते फार धोक्याचं आहे, कारण समोरचा माणूस तुम्ही जाताय त्याच्या उलट दिशा धरून वळतो. उपाय साधा आहे: पांढरा दिवा उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर जाईल एवढ्या काठीवर चढवा, रंगीत दिवे जाळ्याच्या ढिगाच्या बाहेर आणा.

डेकवरचे झगझगीत फ्लड दिवेही याच प्रकारात येतात. मासळी निवडायला ते लागतात, पण त्यांच्या उजेडात तांबडा-हिरवा बुडून जातो आणि तुमच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. चालत्या बोटीवर ते बंदच हवेत. हा माझा आग्रह नाही, नियमातच तसं आहे.

२. काच

दिव्याची काच बहुतेक वेळा प्लॅस्टिकची असते. ऊन आणि मीठ खाऊन ती दुधाळ होते. बोट रंगवताना तिच्यावर रंगाचे शिंतोडे पडतात, तेही कोणी काढत नाही. गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, प्लॅस्टिकला बारीक चिरा जातात. धुऊनही दुधाळ राहिली किंवा तांबड्याचा गुलाबी झाला तर काच बदला. रंग विटलेली काच घासून चकचकीत करता येईल, पण गेलेला रंग परत येत नाही, आणि दुरून फिकट तांबडा पांढरा वाटतो.

काचेच्या आत पाण्याचे थेंब दिसले तर रबरी वायसर बघा. नुसतं सिलिकॉन फासून मोकळे होऊ नका. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. त्यातलं आम्ल तांब्याच्या तारा खातं. वायरीजवळ लावायचं तर बिनवासाचं, न्यूट्रल प्रकारचं मागा.

३. बल्ब आणि होल्डर

मुख्य स्विच बंद करून बल्ब काढा. तार तुटली असेल तर प्रश्नच मिटला. तार शाबूत असेल तर बल्बचं बूड आणि होल्डरमधले पत्रे बारीक पॉलिश पेपरने घासा, दबलेली स्प्रिंग किंवा पट्टी हलकेच वर उचला, आणि बसवण्याआधी पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. जेली वीज वाहून नेत नाही, पण दाबून बसणाऱ्या धातूंमधून ती बाजूला सरते आणि भोवतीची हवा-पाणी अडवते. जाड थर मात्र नको.

होल्डरचा पत्रा हिरवा होऊन भुसभुशीत झाला असेल तर घासत बसू नका, होल्डरच बदला.

४. बॅटरी

आधी टर्मिनल. क्लॅम्प हाताने फिरवून बघा. हलला तर आवळा. पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा (ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका), कोरडं करून घासा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि छोट्या होडीत पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते. पान्याची ठिणगी तिथे उडता कामा नये.

मग मीटर लावा. काही शे रुपयांत मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. चार्जिंगवरून काढून काही तास ठेवलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आता सगळे दिवे लावून अर्धा तास थांबा आणि दिवे चालू असतानाच पुन्हा मोजा. १२ च्या बरीच खाली घसरली तर दिव्यांत दोष शोधण्यात अर्थ नाही, बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा तिला पुरेसं चार्जिंग मिळत नाही. हिशेबही करून बघा: १० वॅटचे तीन बल्ब अडीच अँपिअर घेतात, दहा तासांच्या रात्रीला २५ अँपिअर-तास. ३५ ची जुनी बॅटरी, त्यावरच जीपीएस आणि फिश फाइंडर, आणि घरी नेऊन चार्ज करायला आळस. पहाटे दिवा जाणारच.

५. फ्यूज आणि स्विच

फ्यूज उडाला नसला तरी काढून बघा. काचेच्या फ्यूजच्या टोप्या आणि होल्डरचे चिमटे गंजतात, आणि तिथेच अर्धा व्होल्ट हरवतो. स्विच बहुधा गाडीच्या दुकानातून आणलेला असतो, समुद्रासाठी बनवलेला नसतो. दिवा चालू ठेवून स्विचच्या मागच्या दोन टोकांना मीटर लावा. जवळपास शून्य आलं पाहिजे. ०.२ च्या वर काही आलं तर स्विच बदला, आणि नवा घेताना रबरी टोपीचा घ्या.

स्विच बंद असूनही एलईडी अंधुक पेटत असेल तर हा स्विचच आतून ओला झालाय. ओल्या मिठातून जाणारा किंचितसा करंट साध्या बल्बला काहीच नसतो, एलईडीला तेवढाही पुरतो. दिवा बिघडला म्हणून फेकू नका.

६. व्होल्ट कुठे हरवतात ते शोधणं

इथवर दोष सापडला नसेल तर तो वायरीत आहे. ही तपासणी नीट समजून घ्या. बहुतेक जण बल्ब काढून रिकाम्या होल्डरमध्ये मीटर लावतात, १२.६ दिसतात आणि म्हणतात वायर ठणठणीत आहे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. सगळ्या तारा सडून एकच केसाएवढी तार शिल्लक असली तरी त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. दोर सडलाय की नाही हे तो खुंटीला टांगलेला असताना कळत नाही, ताण आल्यावर कळतं. वायरीचंही तसंच. म्हणून मोजायचं ते दिवा पेटलेला असतानाच.

मीटरची एक सळई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी दिव्याच्या होल्डरमध्ये जिथे प्लस येतो तिथे. वायर पोचणार नाही, जादा तुकडा जोडून घ्या, बारीक असला तरी चालतो. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत खर्च झाले. मग हेच मायनसच्या बाजूला करा: बॅटरीच्या मायनसपासून होल्डरच्या मायनसपर्यंत. दोन्ही मिळून १२ व्होल्टच्या ३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ०.३६ पर्यंत ठीक. त्याच्या वर गेलं तर सळई एकेक सांधा मागे आणत चला. ज्या दोन सांध्यांमध्ये आकडा एकदम खाली येतो, दोष त्यांच्या मध्ये आहे.

एवढा आटापिटा अर्ध्या व्होल्टसाठी का? कारण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने होतो. १२ च्या जागी १०.८ मिळाले, म्हणजे दहा टक्के कमी, की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. १० व्होल्टवर तो जवळपास निम्मा होतो. दिवा तर पेटलेला असतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

कधीकधी सांधे सगळे चांगले निघतात आणि तरी आकडा जास्त येतो. तेव्हा वायरच बारीक आहे. बॅटरीपासून ८ मीटरवर दिवे असतील तर जाऊन-येऊन १६ मीटर होतात. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या एकाच वायरीवर १० वॅटचे तीन बल्ब टाकले तर दीड व्होल्ट वायरीतच जातो. अडीच चौरस मिलिमीटरची घातली तर ०.३. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

७. सांधा नव्याने करणं

वायर कापून आतलं तांबं बघा. लालसर चकाकतं असेल तर ठीक. काळं किंवा हिरवं असेल तर चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. खारं पाणी आवरणाच्या आतून बरंच वर चढतं. पीळ मारून वर टेप गुंडाळलेला सांधा बोटीवर टिकत नाही, कारण टेपखाली पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. कथिल चढवलेली बारीक तारांची वायर मिळाली तर तीच वापरा. योग्य मापाचं थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) नीट दाबून बसवा आणि वर आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम करून चढवा. नुसता सोल्डरचा डाग देऊन सोडू नका. डाग दिलेल्या जागेपुढे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते.

वायर दिव्यात वरून सरळ उतरवू नका. आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. वाटेत वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लागण्याआधी तो उडायला हवा.

एलईडीबद्दल

आपल्याकडे एलईडी म्हटलं की आधी बंदी आठवते. बंदी आहे ती प्रखर उजेडाने मासळी गोळा करण्यावर. दिशा दाखवणारे दिवे एलईडीचे लावायला काहीच हरकत नाही, उलट करंट फार कमी लागतो म्हणून लावावेतच. फक्त तीन गोष्टी बघा. तांबड्या काचेमागे पांढरा एलईडी बल्ब घालू नका, त्याच्या उजेडात तांबडा अंशच कमी असतो, आणि हिरव्या काचेतून तो निळसर दिसतो. शक्य असेल तर जुन्या दिव्यात नवा बल्ब घालण्याऐवजी अख्खा दिवाच एलईडीचा घ्या. जुन्या दिव्याची काच आणि कोन एका उभ्या तारेच्या हिशेबाने बनवलेले असतात. तिसरी गोष्ट व्हीएचएफची, म्हणजे बोटीवरच्या रेडिओ सेटची. स्वस्त एलईडीमधलं सर्किट रेडिओत खरखर आणतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने याबद्दल रीतसर इशारा दिला होता. तपासायला सोपं आहे: सेट रिकाम्या चॅनेलवर ठेवा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) आवाज जेमतेम बंद होईल एवढाच फिरवा आणि दिवा लावा. खरखर सुरू झाली तर तो दिवा परत करा.

एलईडी लावला म्हणजे सडलेला सांधा बरा झाला असंही समजू नका. चांगल्या एलईडीचं सर्किट कमी व्होल्टवरही तोच उजेड देत राहतं, म्हणून दोष झाकला जातो. मग एके रात्री दिवा मंद न होता थेट जातो.

समुद्रात असतानाच दिवा गेला तर

अंधारात, हलत्या बोटीत वायरिंग उघडू नका. सेलवर चालणारा पट्ट्याचा पांढरा दिवा आणि चांगली विजेरी हाताशी ठेवा. जहाज जवळ येताना दिसलं तर विजेरी पांढऱ्या कपड्यावर किंवा केबिनवर मारा, जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर सरळ डोळ्यांत नको. व्हीएचएफ असेल तर चॅनेल १६ वर आपली जागा सांगा. जिवावर बेतत असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

कुठे थांबायचं

फ्यूज बदलल्यावर लगेच पुन्हा उडाला तर तिथेच थांबा. मोठा फ्यूज किंवा तार घालून बघणं म्हणजे बोट जाळण्याची तयारी. वायर हाताला गरम लागते, जळकट वास येतो, बॅटरी फुगली आहे किंवा एखादाच सेल उकळतोय, यापैकी काहीही असेल तर मायनस काढायची आणि जाणत्या माणसाला बोलवायचं. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पेट्रोलचा वास असेल तर मात्र बॅटरीलाही हात लावू नका, आधी हवा खेळू द्या आणि जाणत्या माणसाला बोलवा.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला हवं. १५ च्या वर गेलं तर व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेलाय, बल्ब उडण्याचं कारणही तेच. काही आऊटबोर्डना रेग्युलेटर मुळातच नसतो, कॉइलची वीज थेट येते आणि एलईडी लुकलुकतो. फ्लायव्हीलखालची कॉइल उघडणं हे इंजिनच्या मेकॅनिकचं काम, माझंही नाही. डिझेल इंजिनच्या खणातून किंवा इंधनाच्या टाकीखालून जाणारी वायर बदलायची असेल तरी स्वतः करू नका.

आणि माणूस बोलावलात तर त्याला "दिवा लागत नाही" एवढंच सांगू नका. लक्षण कोणतं, बॅटरीवर किती व्होल्ट, दिवा पेटलेला असताना होल्डरवर किती, प्लसच्या बाजूला किती गेले आणि मायनसच्या बाजूला किती, हे चार आकडे कागदावर लिहून द्या. त्याचा अर्धा दिवस वाचतो, तुमची अर्धी मजुरी.